कागदावरचा कारखाना



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'सॉफ्टवेअरमधील प्रतिकृती' असे उत्तर दिले. चालक जरा थबकले. बोनस, मजुरी किंवा ठेकेदारी यांवर मी काहीतरी बोलेन, अशी त्यांची अपेक्षा होती. आणि ती रास्तही होती, कारण माझे अर्धे आयुष्य रोह्याजवळच्या धाटाव वसाहतीतील कारखान्यांच्या फाटकांवर गेले आहे. दहावीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि रात्रपाळीहून सुटलेल्या कामगारांबरोबर चहा पिताना. असला मनुष्य संगणकाविषयी काय बोलणार, ही शंका तुमच्याही मनात आली असेल. पण मजुरीच्याच एका भांडणातून मी ह्या विषयात शिरलो. ते भांडण यथाकाल सांगेन. त्याआधी थोडा इतिहास पाहू.

प्रारंभ घरापासूनच करू. ह्या दिवसांत पेणच्या गणपतीच्या कोणत्याही कारखान्यात डोकावा, किंवा हमरापूर-जोहे भागातल्या शेडमध्ये जा. फळ्यांवर बिनरंगाच्या मूर्तींच्या रांगाच्या रांगा दिसतील. त्या सगळ्या एका मूळ मूर्तीपासून झालेल्या असतात. कसबी कारागीर ती मूळ मूर्ती एकदाच घडवतो. तिच्यावरून साचा निघतो. आणि साच्यातून पुढे शेकडो मूर्ती निघतात. मूळ मूर्तीची सोंड बोटभर वाकडी गेली, तर ती शेकडो घरांत वाकडी जाते. म्हणून जाणता कारागीर मूळ मूर्तीपाशी दिवसच्या दिवस घालवतो, चार माणसांना बोलावून दाखवतो आणि मगच साचा घेतो. डोळ्यांची आखणी मात्र साच्यात येत नाही. ती प्रत्येक मूर्तीवर हातानेच करावी लागते. साच्यात काय यायचे आणि हातासाठी काय राखायचे, हे पेणच्या कारागिराला कोणी शिकवावे लागत नाही.

ही प्रतिकृतीची एक जात झाली. जी वस्तू अजून व्हायची आहे, तिची ही प्रतिकृती. दुसरी जात आहे ती जी वस्तू आधीच आहे, तिला समजून घेण्यासाठी केलेल्या प्रतिकृतीची. तिचे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत मोठे घर म्हणजे पुण्याजवळची खडकवासल्याची जल व विद्युत संशोधन संस्था. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी एक लहानसा विभाग काढला. त्यातून ही संस्था वाढली आणि पुढे मध्यवर्ती सरकारने ती आपल्याकडे घेतली. सर क्लॉड इंग्लिस हे इंजिनिअर तिचे प्रमुख होते. नद्या व कालवे यांच्या वागणुकीवर आणि प्रतिकृतींच्या साहाय्याने केलेल्या त्यांच्या अभ्यासावर त्यांचा मोठा ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला. तेथे अंगणाएवढ्या, शेताएवढ्या जागेत माती, वाळू आणि सिमेंटची नदी करतात, तीत खरे पाणी सोडतात, आणि बंधारा येथे बांधला तर काठ कोठे खचेल, बंदरात गाळ कोठे साचेल, हे बांधकामाचा पैसा खर्च होण्याआधीच पाहतात.

ह्या नद्यांत एक मौज आहे, आणि माझ्या सगळ्या सांगण्याचा गाभा त्या मौजेत आहे. नदीची रुंदी समजा पाचशेपटींनी लहान केली, आणि खोलीही तितक्याच पटींनी लहान केली, तर पाच मीटर खोल पाण्याची खोली एक सेंटिमीटर होईल. इतके पातळ पाणी नदीसारखे वागतच नाही. फरशीवर सांडलेल्या पाण्यासारखे चिकटून बसते. म्हणून इंजिनिअर पुष्कळदा खोलीचे प्रमाण मुद्दाम वेगळे धरतात. रुंदीच्या मानाने नदी खोल करतात. म्हणजे ती प्रतिकृती उघडउघड खोटी असते. परंतु हे खोटे किती आणि का, हे कागदावर लिहिलेले असते आणि निष्कर्ष काढताना त्याची वजावट केलेली असते. सर्व प्रतिकृती काहीतरी गाळतात, काहीतरी वाकवतात. त्याखेरीज ती प्रतिकृतीच होणार नाही, मूळ वस्तूच होईल. प्रश्न एवढाच की काय गाळले याची नोंद कोणी ठेवली आहे काय? आपल्या कुंडलिकेचेच पाहा. पावसाळा सोडला तर तिचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटते त्यावर अवलंबून. वीजघर गाळून कोणी कुंडलिकेची प्रतिकृती केली, तर काठ, वळणे, वाळू सारे बिनचूक असूनही ती नदी दुसरीच कोणतीतरी असेल.

आता सॉफ्टवेअरकडे येतो. नदी डोळ्यांना दिसते, मूर्ती हाताला लागते. सॉफ्टवेअर कशालाच लागत नाही. लाखो ओळींचा हुकूमनामा यंत्राच्या पोटात असतो, आणि तो ज्यांनी लिहिला त्यांनाही एका नजरेत दिसत नाही. म्हणून ह्या धंद्यातील लोक पहिल्यापासून चित्रे काढीत आले. विद्वान मंडळी अशा चित्राला 'प्रतिमान' म्हणतात. धंद्यातले लोक सरळ 'मॉडेल' म्हणतात. मी आज दोन्ही शब्द बाजूस ठेवून प्रतिकृतीच म्हणतो.

पहिल्या चित्राची वंशावळ कामगारांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाचा एक बांधकाम ठेकेदार होता. गवंडी एक वीट लावताना अठरा हालचाली करतो, त्या पाचांवर आणता येतील, असे त्याने दाखवून दिले. पुढे पत्नी लिलियन हिच्याबरोबर त्याने कामाच्या हालचालींचा अभ्यास हाच व्यवसाय केला. १९२१ साली ह्या दोघांनी अमेरिकेतील यांत्रिकी इंजिनिअरांच्या संस्थेपुढे 'प्रोसेस चार्ट' नावाची आकृती मांडली. काम कोठून निघते, कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते, कोठे थांबते, हे त्यात खुणांनी दाखवायचे. पंचवीस वर्षांनी, पहिले संगणक घडत असताना, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमान ह्या दोघा गणितज्ञांनी यंत्राचे काम मांडण्यासाठी अशाच प्रवाहाच्या आकृत्या वापरल्या, आणि त्या जगभर पसरल्या. तेव्हा प्रोग्रामरच्या फळ्यावरची ती चौकटी-बाणांची आकृती घड्याळ हातात घेऊन कामगारामागे उभ्या राहणाऱ्या साहेबाच्या घराण्यातली आहे. मी हे रागाने सांगत नाही. गवंड्याची पाठ वाचवण्याचा हेतूही गिलब्रेथच्या मनात होता. तथापि घराणे माहीत असावे.

पुढची पावले भराभर सांगतो. १९७६ साली पीटर चेन याने माहितीच्या साठ्याची आकृती कशी काढावी याची पद्धत घालून दिली: कामगार ही एक चौकट, खाते ही दुसरी, आणि 'ह्या खात्यात काम करतो' हे त्यांतले नाते. नंतर अशा पद्धतींचे पेव फुटले. त्यांतल्या प्रमुख तिघांनी, बूच, रम्बॉ आणि याकोबसन यांनी, आपापल्या पद्धती एकत्र केल्या आणि १९९७ साली एक समान चित्रभाषा प्रमाण म्हणून मान्य झाली. तिला यूएमएल म्हणतात. तिच्यातल्या एका प्रकारच्या चित्रात यंत्रणा म्हणजे मोठी चौकट असते आणि माणसे चौकटीच्या बाहेर काड्यांची काढलेली असतात. दोन हात, दोन पाय आणि गोल डोके. मी ते चित्र प्रथम पाहिले तेव्हा मला आमच्या फाटकाची आठवण झाली.

ह्या इतिहासात पुण्याचेही पान आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही कंपनी मुंबईत १९६८ साली सुरू झाली. फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली ती वाढली आणि तिचे संशोधन केंद्र १९८१ साली पुण्यात उभे राहिले. तेथील संशोधकांनी पुष्कळ वर्षे ह्या एका प्रश्नावर घालवली की, चित्र पुरेसे काटेकोर काढले तर त्यावरून प्रोग्राम आपोआप निघेल काय? 'मास्टरक्राफ्ट' नावाची त्यांची साधने ह्याच वाटेवरची. व्यवसायाचे नियम प्रतिकृतीत मांडायचे, आणि साधनाने तिच्यावरून हजारो ओळी लिहायच्या. पेणकरांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. मूळ मूर्ती, साचा आणि मूर्ती. पहिल्या दोन जाती येथे एक झाल्या: आहे त्या कामाचे वर्णन आणि होणाऱ्या यंत्रणेचा साचा हे एकच चित्र. त्यामुळे वर्णन चुकले की सोंड शेकडो घरांत वाकडी जाणार.

आता ते भांडण.

२०१८च्या सुमारास धाटावच्या एका कारखान्यात हजेरीचे नवे यंत्र बसले. कारखान्याचे नाव सांगत नाही, सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीचेही नाही; त्यांनी लबाडी केली असे माझे म्हणणे नाही. फाटकावर अंगठा लावायचा. आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ नोंदली जायची. महिन्याच्या शेवटी पगाराची चिठ्ठी. दोन महिन्यांनी एक ऑपरेटर माझ्याकडे आला. दुसऱ्या पाळीचा मनुष्य, दुपारी तीन ते रात्री अकरा. एका रात्री तिसऱ्या पाळीचा बदली आला नाही. रासायनिक कारखान्यात भांड्याखाली वाफ चालू असताना ते टाकून घरी जाता येत नाही. तो पहाटे तीनपर्यंत थांबला. दुसऱ्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी होती. सलग बारा तास काम झाले. पण चिठ्ठीत जादा कामाचा रकाना कोरा.

साधी चूक असेल म्हणून मी टाइम ऑफिसात गेलो. चूक नव्हती. यंत्राच्या हिशेबी दिवस रात्री बाराला संपत होता. दुपारी तीन ते रात्री बारा हे नऊ तास पहिल्या दिवसाचे, बारा ते तीन हे तीन तास दुसऱ्या दिवसाचे. नऊ तासांपुढील कामाला दुप्पट दर. आणि नऊ तर कोणत्याच दिवशी ओलांडले नव्हते! (आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब वेगळा, तो येथे सोडतो.) उलट सुट्टीच्या दिवशी हा गृहस्थ विनापरवाना तीन तास कारखान्यात होता, असा शेरा यंत्राने मारला होता.

घरी येऊन मी कायदा काढला. त्या वेळी १९४८चा कारखाने कायदा लागू होता. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली. त्याच्या दुसऱ्या कलमात 'दिवस' ह्या शब्दाची व्याख्या होती: मध्यरात्रीपासून सुरू होणारे चोवीस तास. म्हणजे प्रोग्राम करणाराने कायदा वाचला होता! पण तो दुसऱ्या कलमावर थांबला. सत्तावन्नाव्या कलमात म्हटले होते की, पाळी मध्यरात्रीच्या पुढे गेली तर बारानंतर केलेले तास आधीच्या दिवसात धरावेत. कायदा करणारांना रात्रपाळी माहीत होती. त्यांनी आधी सोपी प्रतिकृती केली आणि मग ती कोठे मोडते ते पाहून दुरुस्ती जोडली. यंत्रात पहिली उतरली, दुरुस्ती उतरली नाही.

पाळी तर अकराला संपते, मग बाराच्या पुढचे काम पाळीचे कसे, असा एक वकिली मुद्दा व्यवस्थापनाने काढलाच. त्याला उत्तर त्यांच्याच कपाटात होते. यंत्र येण्याआधी टाइम ऑफिसात एक वृद्ध कारकून होते. मध्यरात्रीपुढचे तास ते तांबड्या पेन्सिलीने आदल्या दिवसाच्या ओळीत लिहीत. वर्षानुवर्षांच्या वह्या त्या तांबड्या आकड्यांनी भरलेल्या होत्या आणि त्यावर साहेबांच्या सह्या होत्या. हा नियम कोठेही छापलेला नव्हता. तो त्या कारकुनाच्या हातात होता. ते निवृत्त झाले, यंत्र बसले, आणि बसवणाऱ्यांपैकी कोणीही त्यांच्या घरी जाऊन दोन शब्द विचारले नाहीत. त्यांचे घर रोह्यातच होते.

ह्या भांडणाच्या तयारीत मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता नॉर्वेपर्यंत पोचलो. ऑस्लोच्या संगणक केंद्रात क्रिस्टेन नीगार्ड आणि ओले-योहान डाल ह्या दोघांनी १९६०नंतरच्या दशकात 'सिम्युला' नावाची संगणकाची भाषा केली. कारखाना, बंदर, रांगेत उभी माणसे अशा चालत्या व्यवहारांची प्रतिकृती यंत्रात करून पाहता यावी, हा तिचा मूळ हेतू. आज जगातील बहुतेक मोठी सॉफ्टवेअरे ज्या रीतीने रचली जातात, वस्तू आणि तिची वागणूक एकत्र बांधण्याची ती रीत सिम्युलातून आलेली आहे. २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक ह्या दोघांना मिळाले आणि पुढच्याच वर्षी दोघेही वारले.

पण माझे लक्ष वेधले ते नीगार्डच्या दुसऱ्या कामाने. कामाची प्रतिकृती ज्याच्या हाती, कामाची सत्ता त्याच्या हाती, हे त्याला दिसू लागले. आणि १९७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगारांच्या युनियनबरोबर काम करू लागला. कामगारांनी आपापल्या कारखान्यातील यंत्रणांचा अभ्यास स्वतः केला. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तके तयार झाली. १९७५ साली तेथील मध्यवर्ती कामगार संघटना आणि मालकसंघ यांच्यात करार झाला. नव्या यंत्रणेची माहिती कामगारांच्या प्रतिनिधींना आधी द्यावी, आणि विशेष ज्ञान नसलेल्या माणसाला कळेल अशा भाषेत द्यावी, असे त्यात होते. ही दुसरी अट वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तसाच बसलो.

आपण काय केले? आपल्याकडे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बँकांशी १९८३ साली यांत्रिकीकरणाचा करार केला. तो त्या काळी मोठाच विजय होता आणि मी त्याला कमी लेखत नाही. पण त्यात वाटाघाट झाली ती मुख्यत: यंत्रे किती आणि कोठे बसवावीत यावर. यंत्राच्या पोटातल्या चित्रात कर्मचारी कसा काढला आहे, 'दिवस' म्हणजे काय धरला आहे, हे विचारण्याची आम्हा कोणाला बुद्धी झाली नाही. नोकऱ्या जातील ह्या भीतीने आम्ही दाराशी भांडलो. आत जे ठरत होते ते ठरून गेले.

स्कँडिनेव्हियातली आणखी एक गोष्ट सांगून आपल्या भांडणाकडे परततो. १९८१ ते १९८५ ह्या काळात तेथील छापखाना कामगारांच्या युनियनने काही संशोधकांबरोबर वर्तमानपत्राची पाने जुळवण्याची नवी यंत्रणा आखली. हवी ती यंत्रे त्या वेळी हाताशी नव्हती. मग त्यांनी पुठ्ठ्याची खोकी मांडली. एका रिकाम्या खोक्यावर 'लेसर प्रिंटर' असे लिहिले, आणि कामगार त्या खोट्या यंत्रांपुढे उभे राहून आपले खरे काम करून पाहू लागले. कोठे अडते, काय हवे, ते तेथल्या तेथे कळे. खोके बदलायला कात्री पुरते.

हेच आम्ही धाटावला केले. व्यवस्थापन बोलणीला तयार झाले तेव्हा सॉफ्टवेअर कंपनीने पुण्याहून एक मुलगी पाठवली. माझ्या थोरल्या लेकीच्या वयाची. तिने लॅपटॉप उघडला. मी म्हटले, "ताई, तो जरा मिटा. कँटीनमध्ये चला." तेथे लांब टेबलावर आम्ही जुनी कोरी हजेरीकार्डे मांडली. एकावर 'फाटक', एकावर 'अंगठा', एकावर 'पाळी', एकावर 'दिवस', एकावर 'पगार'. प्रत्येक कार्ड एकेका कामगाराच्या हाती दिले आणि ती रात्र पुन्हा खेळलो. फाटक म्हणाले, मनुष्य आत आला. पाळी म्हणाली, माझा आहे. बारा वाजले. 'दिवस' हातात असलेला फिटर मोठ्याने म्हणाला, "मी संपलो!" आणि 'पाळी' म्हणाली, "मी कुठे संपले? बदली आला नाही." सगळे हसले. ती मुलगी हसली नाही. तिने 'दिवस' लिहिलेले कार्ड उचलले, 'पाळी'च्या खाली सरकवले आणि म्हणाली, "काका, आमच्याकडे दिवसाच्या पोटात पाळी आहे. तुमच्याकडे पाळीच्या पोटात दिवस आहे." तिनेच सांगितले की कार्डांचा हा खेळ त्यांच्या धंद्यात १९८९पासून चालत आलेला आहे, फक्त तो त्यांच्या कचेरीत त्यांच्या त्यांच्यातच खेळला जातो. निवृत्त कारकुनांनाही आम्ही बोलावले होते. ते तांबडी पेन्सिल घेऊनच आले.

दुरुस्ती व्हायला तीन आठवडे लागले. मागची बाकी मिळायला आठ महिने, आणि ती कोणी आपण होऊन दिली नाही. दोन वेळा फाटकावर सभा घ्यावी लागली.

पण त्या दिवशी टेबलावर आणखी एक गोष्ट झाली. खेळ संपत आला तेव्हा मागे उभा असलेला एक जण म्हणाला, "आणि आमचं कार्ड?" तो ठेकेदाराचा कामगार होता. त्याच रात्री, त्याच भांड्यापाशी, पहाटे तीनपर्यंत तोही थांबला होता. त्याचा अंगठा ह्या यंत्रात नव्हताच; त्याची हजेरी ठेकेदाराच्या वहीत. कोरी कार्डे संपली होती. कोणीतरी बिडीच्या बंडलाचा कागद पुढे केला, मी त्यावर 'ठेका' असे लिहिले आणि टेबलावर ठेवला. तो कोणत्या चौकटीला जोडायचा, कोणाला सांगता येईना. व्यवस्थापनाचा मनुष्य म्हणाला, तो आमचा विषय नाही. मुलीने सगळी कार्डे ओळीने लावून त्यांचा फोटो काढला. बिडीचा कागदही त्यात ठेवला.

तो फोटो आमच्या युनियनच्या फायलीत आहे. बाकी कार्डे यंत्रात गेली. त्या कागदाचा दावा अजून चालू आहे.